तांब्याला उंची नसते

१

साक्रीच्या पुढच्या एका खेड्यात भिकुबाई नावाची बाई सोमवारी सकाळी मोटार बंद करायला विहिरीवर गेली. स्टार्टरच्या पेटीला तिनं हात लावला आणि पेटीनं तो हात धरूनच ठेवला. शेजारच्या शेतातल्या माणसानं लाकडी दांड्यानं तिला बाजूला लोटलं म्हणून जीव वाचला, पण उजवा तळहात भाजून निघाला.

पेटी जळगावच्या प्रेमराजभाऊंच्या कारखान्याची. घरबसल्या मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणारी, म्हणून खेडोपाडी खपणारी; रेंज नसली की मात्र पेटीवरचं बटण हातानं दाबावं लागे. पेटीचा पत्रा आणि जोडणी धुळ्यात व्हायची, आतला सर्किट बोर्ड जळगावात. तो बोर्ड संगणकावर आखायचं काम अफरीनचं.

बातमी आली तेव्हा अफरीन डबा उघडून बसली होती. तोंडातला घास तोंडातच फिरू लागला. कारण आणखी कुणालाही ठाऊक नसलेली एक गोष्ट तिला ठाऊक होती.

ती गोष्ट अशी. पेटी आखायचा धुळ्याचा समाधान. त्याचं सॉफ्टवेअर वेगळं, अफरीनचं वेगळं, आणि दोघांमध्ये एक फाइल ये-जा करायची. त्या फाइलीत बोर्डाचा आकार असे, भोकं असत, आणि कीपआउट असत, म्हणजे मनाईच्या जागा. भिंतीत जिथं खिळा ठोकायचा तिथून वायर नेऊ नये, त्यातलाच प्रकार. मनाई दोन तऱ्हेची. एक, इथं भाग बसवू नका. दुसरी, इथून तांब्याची रेघ नेऊ नका. कुठली लावायची, की दोन्ही, ते पाठवणाऱ्यानं ठरवायचं.

समाधाननं कोपऱ्यातल्या एका स्क्रूभोवती दोन्ही मनाया लावून पाठवल्या होत्या. अफरीनची एक रेघ नेमकी तिथूनच जात होती. पडद्यावर लाल खुणा पेटल्या. त्या संध्याकाळी धाकट्या महेकला बघायला पाहुणे यायचे होते, अम्मीचे फोनवर फोन चालले होते. अफरीननं रेघ हलवण्याऐवजी मनाईची जागाच पुसून टाकली. खुणा विझल्या, फाइल छपाईला गेली. पुढच्या खेपेला रेघ हलवू, असं तिनं स्वतःला बजावलं आणि ती साफ विसरली.

आता स्क्रू लोखंडाचा, पेटी पत्र्याची आणि रेघेत मोटारीचा करंट. यापुढचं गणित शाळकरी पोरालाही सुटलं असतं.

त्या दिवशी सगळे घरी गेल्यावर तिनं फाइल उघडली आणि पुसलेली मनाई जिथल्या तिथं परत आखून ठेवली. मग संगणक बंद करून ती घरी गेली.

२

"ओला हात लावला असेल बाईनं. तुम्ही तसं लिहून द्या, म्हणजे विषय मिटला," प्रेमराजभाऊ म्हणाले.

हे त्याच सोमवारी दुपारचं. समोर बसल्या होत्या चारुलता भोळे. वरणगावच्या फॅक्टरीत तपासणी खात्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. निवृत्त झाल्यावर कारखानदार त्यांना असल्या भानगडी निस्तरायला बोलवत आणि बोलावल्याचा पश्चात्तापही करत. बाईंचं आडनाव तेवढं भोळं, असं जळगावात म्हटलं जायचं.

"लिहीन की," मॅडम म्हणाल्या. "आधी बाईचा हात ओला होता का, ते तिला विचारून येते. तोवर तुमच्या बाकीच्या पेट्या बंद ठेवायला सांगा."

"अहो, गहू-हरभऱ्याला पाणी चाललंय! काय कारण सांगू लोकांना? पेटी भुताची आहे म्हणून? भिकुबाईची पेटी सरकारी साहेबांनी सील करून नेली. तुम्ही मला कारण द्या, त्याच मिनिटाला फोन लावतो. आणि चूक ज्याची निघेल त्याचं नाव अहवालात जाईल. त्याला दुसऱ्या दिवशी गेटाच्या आत घेणार नाही."

अफरीन दाराशी कागदांची फाइल घेऊन उभी होती. कारण द्या, फोन लावतो. कारण तिच्या ओठांवर होतं आणि तिनं ते गिळलं. घरात तिच्या पगारावर चूल पेटत होती हे खरं, पण गिळताना तिला चूल आठवली नव्हती. तिला फक्त भीती वाटली होती.

मॅडमनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "ही मुलगी मला द्या. संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही. ही बरोबर राहील, समजावून सांगेल."

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या अशा. मंगळवारी सकाळी अफरीन मॅडमच्या शेजारी गाडीत बसली आणि गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागली.

३

भिकुबाई दवाखान्याच्या खाटेवर उशाला टेकून बसली होती. हाताला कोपरापर्यंत पट्टी. मॅडमनी हातचं काही न राखता विचारलं, "हात ओला होता का हो अक्का?"

"कोन म्हने वल्ला?" भिकुबाई उसळली. "मी पदरले पुसी लिधा व्हता. मोटारना धंदा माले नवा नही शे. आन हाई काय एक दिननं नही शे. पेटी नवी उनी तवय काहीच नव्हतं. मंग मुंग्या येवाले लाग्यात. मोटार चालू व्हयनी का मुंग्या, मोटार बंद का मुंग्या बंद. मी मनमा म्हने, म्हातारपन उनं. मंग रोज जरा जास्ती, रोज जरा जास्ती."

"पेटी कशावर टांगली होती?"

"पाइपना घोडावर. मोटार चालू व्हयनी का बठ्ठा घोडाच थरथरस."

"म्हणजे पाइपच्या चौकटीवर," मॅडम मान हलवत म्हणाल्या. अफरीनला त्या पट्टीकडे बघवेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि भिकुबाईनं डावा हात पुढे करून तिच्या गालाला लावला.

"तू कसाले रडस माय? तू काय करं मन्हं?"

अफरीन पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर आली आणि जिन्यात भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. आत जाऊन सांगावं, आत्ताच, असं तिला वाटलं. मग मॅडमच बाहेर आल्या आणि ती वेळ गेली.

तिथून दोघी धुळ्याजवळच्या अवधान गावी गेल्या. पेट्या जोडायच्या तिथल्या वर्कशॉपमध्ये अफरीन पहिल्यांदाच आली होती. तिचे बोर्ड टेम्पोनं इथं येत, ती कधी आली नव्हती. नूर महंमद चाचा पेट्या जोडत बसले होते. पत्र्याच्या पेटीत चार कोपऱ्यांत पांढरे खांब, त्यावर बोर्ड, त्यावर स्क्रू, असं त्यांचं एका लयीत चाललं होतं.

"चाचा, पेटीच्या पत्र्यात करंट उतरतो का, हे बघता का तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"एकेक पेटी बघतो. लाइन देतो, पत्र्याला टेस्टिंगचा दिवा लावतो. दिवा पेटला तर पेटी बाजूला. आजवर एक पेटला नाही."

"आणि अर्थिंग?"

"तार देतो की बरोबर. शेतात ती गाडणारा विरळा."

समाधान तिशीचा, घाबरट, उत्तर देण्याआधी दोनदा घसा खाकरणारा. फाइलीतून गेली दोन वर्षं ओळख असली तरी अफरीनशी तो जेमतेम बोलला. पेटीबद्दल मात्र भरभरून सांगू लागला. आधी पेटी प्लास्टिकची होती, उन्हानं तडकायची, म्हणून पत्र्याची केली. मोटारसायकलवरून नेताना मधे बोर्ड थरथरायचा, म्हणून मधोमध पेटीच्या तळातूनच पत्र्याचा एक पाय वर उचलला आणि बोर्ड त्यावर टेकवला.

मॅडमनी एक कोरी पेटी मागून घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि बोर्डावर वाकल्या. त्यांचं बोट कोपऱ्यातल्या स्क्रूपाशी येऊन थांबलं.

"अफरीन," त्या म्हणाल्या, "हे बघ इकडे."

४

"तू गाडीत सांगितलीस ती मनाई या स्क्रूभोवती असायला हवी ना? मग ही तांब्याची रेघ त्याच्या डोक्याखालून कशी गेली?"

अफरीननं काही बोलायच्या आत समाधान म्हणाला, "मी पाठवली होती मनाई. दोन्ही खुणा लावून." लॅपटॉपवर फाइल उघडली गेली. मनाई तिथं होती, अफरीननं काल संध्याकाळी आखलेली, आणि रेघही तिथंच होती, मनाईला आडवी.

"मी रेघ नेली तेव्हा ही मनाई दिसत नव्हती," अफरीन म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "आता दिसतेय. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात येताना कधी कधी काही गळतं, मॅडम."

"नंतर फाइल कोणी उघडली?"

"कोणी नाही."

मॅडमनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "गळतं म्हणतेस. एक मनाई गळली असेल तर आणखी कुठल्या गळल्या असतील?"

खोटं बोलणाऱ्याला आपलं खोटं कुठवर पळेल याचा अंदाज नसतो. बुधवारचा अख्खा दिवस मॅडम पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करत बसल्या. फाइल येताना मनाई गळू शकते का, कधी गळते, जुन्या आवृत्तीत गळायची का. ते म्हणत, असं होत नाही. मॅडम म्हणत, माझ्यासमोर झालंय. अफरीन शेजारी बसून सॉफ्टवेअरचे शब्द त्यांना समजावून देत होती आणि प्रत्येक शब्दागणिक आणखी खोल जात होती.

घरी ताजबींनी, तिच्या अम्मीनं, ताटात भात वाढत विचारलं, "ती साक्रीची बाई बरी आहे का? मी दुआ केली तिच्यासाठी."

"बरी आहे," अफरीन म्हणाली आणि न जेवता उठली.

५

गुरुवारी दुपारी प्रेमराजभाऊंनी धुळ्याच्या दोघांना जळगावात बोलावून घेतलं. टेबलावर ती कोरी पेटी होती. भाऊंचा चेहरा उतरलेला होता. सरकारी साहेबांना संध्याकाळपर्यंत काहीतरी लिहून द्यायचं होतं.

"पुरे झालं सॉफ्टवेअर," ते म्हणाले. "साधी गोष्ट आहे. करंट पत्र्यात उतरत होता तर दिवा पेटायला हवा होता. पेटला नाही म्हणजे कुणी लावलाच नाही."

नूर महंमद चाचा उठून उभे राहिले. त्यांनी टोपी नीट केली.

"भाऊ, माझं नाव लिहा," ते म्हणाले. "मी दोन रात्री विचार करतोय. दिवा मी लावतो, पण नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही. मंद पेटला असेल, मला दिसला नसेल. त्या बाईच्या हाताचं पाप माझ्या डोक्यावर आहे. माझ्यानंतर माझा मुलगा हसीब तुमच्याकडे लागेल अशी आशा होती. तेवढं मात्र त्याच्यावर काढू नका."

भाऊंनी पेन उचललं.

"चाचांची नजर चांगली आहे," अफरीन म्हणाली.

सगळे वळले. तिनं टेबलाची कड धरली होती. "कोपऱ्यातली मनाई गळली नव्हती. मी पुसली होती. सोमवारी संध्याकाळी मीच ती परत आखली, आणि मंगळवारी मॅडमना खोटं सांगितलं. रेघ माझी, चूक माझी. भिकुबाईचा हात माझ्यामुळे भाजला."

एवढं बोलून ती रडली. मन मोकळं झाल्याचं रडणं ते नव्हतं. नूर चाचा तिच्याकडे बघत मटकन खाली बसले. प्रेमराजभाऊ लाल झाले, तोंड उघडू लागले.

मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्या झपाट्यानं विचार करत होत्या.

"तू पुसलीस," त्या म्हणाल्या. "म्हणजे गळलं काहीच नव्हतं. अरे देवा. समाधान, पेचकस दे इकडे!"

६

त्यांनी भराभर स्क्रू काढले. एक पांढरा खांब उपटून टेबलावर ठेवला.

"चाचा, हा कशाचा?"

"नायलॉनचा."

"म्हणजे स्क्रू नायलॉनमध्ये जातो, पेटीच्या पत्र्याला भेटतच नाही. रेघेवर बसला काय, न बसला काय. हे मला मंगळवारीच दिसलं होतं, अफरीन. कोपऱ्यानं कुणाला चटका बसणार नव्हता. समाधान, मग तिथं मनाई कशाला?"

समाधाननं घसा खाकरला. "पेचकस निसटला तर रेघ ओरखडते, म्हणून."

अफरीननं डोळे पुसले. भिकुबाईचा हात तिच्यामुळे भाजला नव्हता. छातीवरचा धोंडा क्षणभर हलला, आणि हलला याचीच तिला लाज वाटली.

"मी कोपऱ्याच्या मागे का होते?" मॅडम बोलत होत्या. "कारण मला वाटलं, फाइलीतून मनाया गळतात. तशी घातक जागेची एखादी गळली असेल, ती मी शोधत बसले. आता कळलं की समाधाननं जे जे पाठवलं ते ते पोचलं. मग खोट पोचण्यात नाही, पाठवण्यात आहे. आता भिकुबाईचं बोलणं आठवा. नवी पेटी ठीक होती. चाचांचा दिवा पेटला नाही, कारण तेव्हा पेटायचं कारणच नव्हतं. मग मुंग्या आल्या आणि रोज वाढत गेल्या. म्हणजे आत काहीतरी रोज थोडं थोडं झिजत होतं. पेटी थरथरणाऱ्या घोड्यावर. थरथरत्या पेटीत काय झिजतं? जे घासतं ते."

त्यांनी बोर्ड उलटा केला आणि मधोमध बोट ठेवलं. तिथं पत्र्याचा पाय बोर्डाला टेकल्याचा फिका ठसा उमटला होता.

"तिथं मी मनाई पाठवली होती!" समाधान ओरडलाच.

"कसली?"

"भाग बसवू नका म्हणून. खालच्या बाजूनं. एकही भाग नाही बघा तिथं."

"आणि तांब्याची रेघ?"

समाधान बोर्डावर वाकला. "पण मॅडम, तांब्याला कुठं उंची असते? ते पायाला आडवं येणार कसं?"

मॅडमनी पेचकसाच्या टोकानं ठशावरचा हिरवा रंग हलकेच खरवडला. रंग सहज निघाला आणि खालून तांबं चमकलं. अफरीननं ती रेघ ओळखली. मोटारीची लाइन. भाग नको म्हटलं होतं, रेघेला मोकळी वाट होती, म्हणून तिनंच ती तिथून नेली होती. महिनाभर पत्रा रंगावर घासत राहिला की झालं. पाय पेटीचाच, म्हणजे अख्खी पेटी जिवंत.

समाधान पांढराफटक पडला. पेटी आखणारा काय आदळेल एवढंच बघतो, बोर्ड आखणारा काय वाहील एवढंच. दोघांच्या मधे ती फाइल. तीत 'नको' लिहिता येतं, आणि 'का नको' लिहायलाही एक रकाना असतो.

"रकाना रिकामा का?" मॅडमनी विचारलं. "इथं पत्र्याचा पाय टेकतो, एवढंच लिहिलं असतंस तरी हिला कळलं असतं."

उत्तर अफरीननं दिलं. "तो आधी लिहायचा, मॅडम. मी एकदा उलट लिहिलं, कारणं नकोत, मला माझं काम कळतं. तेव्हापासून त्यानं सोडलं."

प्रेमराजभाऊंनी मात्र शब्द पाळला. "फोन लावा," ते म्हणाले. "सगळ्यांना. मोटारीचा मेन स्विच पाडा आणि पेटीला हात लावू नका म्हणावं. अहवालाचं मागाहून." गिऱ्हाइकांचे नंबर चौघांत वाटले गेले. खोलीभर एकच वाक्य चार तोंडांनी ऐकू येऊ लागलं. लोक शिव्या देत होते, पाण्याची पाळी चुकेल म्हणत होते, पण स्विच पाडत होते.

अफरीनचा सहावा की सातवा फोन शिरपूरकडच्या एका खेड्यात गेला. अभिमन आबांच्या नावावर पेटी होती. फोन एका बाईनं उचलला. मागे पुष्कळ माणसांचा आवाज येत होता.

"अभिमन आबा आहेत का? जळगावहून बोलतेय, पेटीच्या कंपनीतून. मोटारीचा मेन स्विच..."

"मी दिपमाला, त्यासनी सून," बाई म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "आबा सकायले मोटार बंद कराले गयात. पेटीलेच चिकटेल व्हतात. आम्ही जाईसनी दखं तवय काहीच उरेल नव्हतं." ती थांबली. "तुमले ठाऊक व्हतं का, ताई? मंग आते फोन करतस?"

पलीकडून फोन बंद झाला.

तिनं सगळ्यांना सांगितलं. नूर चाचांनी डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काही म्हटलं. समाधान भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. "माझ्यामुळे," तो म्हणत होता, "दोन्ही माझ्यामुळे."

मॅडम अफरीनकडे बघत होत्या. मंगळवारी अवधानच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी विचारलं होतं, फाइल कोणी उघडली. त्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळालं असतं तर हे सगळं मंगळवारीच सुटलं असतं, पेचकस तर हाताशीच होता.

अफरीन समाधानजवळ गेली आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"नाही," ती म्हणाली. "भिकुबाईच्या हाताचं तुझ्याकडे. मी उलट लिहिलं होतं, म्हणून थोडं माझ्याकडेही. पण अभिमन आबा माझ्यामुळे गेले. ते तू घेऊ नकोस."

मग ती प्रेमराजभाऊंकडे वळली. "अहवालात तसंच लिहा, भाऊ. तारखांसकट. शिरपूरला मी स्वतः जाऊन सांगेन."

भाऊंनी मान हलवली. त्यांनाही तिच्या नजरेला नजर देता येईना. पेट्या बंद ठेवायला मॅडमनी सोमवारीच सांगितलं होतं, ते त्यांना आता आठवत असावं.

अजून नंबर शिल्लक होते. अफरीननं फोन उचलला, आणि पलीकडे घंटी वाजत असताना ती कुणाचा तरी आवाज येण्याची वाट बघत राहिली.